चौथ्या चित्रातला कान

१

महाविद्यालयात चोरी झाली आहे, हे कळायला पुण्याहून माणूस यावा लागला. तोही चोरीसाठी बोलावलेला नव्हता, व्याख्यानासाठी बोलावला होता.

डॉ. शीतल परचुरे या युरोपातल्या जुन्या धार्मिक चित्रांच्या अभ्यासक. तीनचारशे वर्षांपूर्वी तिकडे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरत आणि त्यावरून कागदावर छापत. अशी सात चित्रं भोकरदनच्या या महाविद्यालयात, ग्रंथालय आणि खेळाचं साहित्य यांच्यामधल्या एका खोलीत टांगलेली होती. खोलीला संग्रहालय म्हणत. निजामाच्या काळात कुणी एक गोरा पाद्रीबाबा या भागात राहिला आणि जाताना पुस्तकं व चित्रं इथल्या तेव्हाच्या शाळेला देऊन गेला. पुस्तकं वाळवीनं वाचली. चित्रं काचेमागं असल्यामुळे राहिली.

चौथं चित्र येशूच्या अटकेचं. बागेत मशाली, सैनिक, एक हडकुळं कुत्रं, गोंधळ. येशूचा एक शिष्य तलवार काढतो आणि धर्मगुरूच्या सेवकाचा कान छाटतो. येशू तिथल्या तिथं हात लावून तो कान बरा करतो. या चित्राच्या इतर छापील प्रती युरोपात आहेत. त्या सगळ्यांत हा सेवक गुडघ्यावर बसलेला आणि आपल्याला पाठमोरा. भोकरदनच्या प्रतीत मात्र तो वळून सरळ आपल्याकडे बघत होता.

या वळण्यावर शीतलबाईंनी मोठा निबंध लिहिला होता. कोरणाऱ्यानंच नंतर पत्र्यावर बदल केला, सेवकाचं तोंड फिरवलं, त्यामुळे बागेचा रंगमंच झाला आणि बघणाऱ्याचा प्रेक्षक झाला, असं त्यांचं म्हणणं. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला होता आणि त्याची झेरॉक्स सूचनाफलकावर कबड्डीच्या निवडचाचणीशेजारी लावली होती. तो त्यांनी ईमेलवर मागवलेल्या फोटोवरून लिहिला होता. मूळ चित्र त्या आज पहिल्यांदा बघत होत्या.

त्यांनी चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा काढला आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बाकीची सहाही उतरवून त्यांच्या कडांवरून फिरवलं. मग पुन्हा चौथ्याच्या.

"हे छापलेलं नाहीये," त्या म्हणाल्या. "पत्रा दाबला की कागदावर कडेनं खोलगट चौकट उमटते. बाकी सहांना आहे. याला नाही. हे कुणीतरी टाकानं, शाईनं काढलंय."

प्राचार्य बद्रीनाथ पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. "मग व्याख्यान होईल ना?" त्यांनी विचारलं.

शीतलबाई शेजारच्या खोलीत जाऊन कुस्तीच्या गादीवर बसल्या. चोरी महाविद्यालयाची झाली होती, पण निबंध त्यांचा गेला होता.

"खोलीची किल्ली कुणाकडे असते?" प्राचार्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. किल्ली ग्रंथपाल सुमेधा दाभाडे यांच्याकडे असते, हे त्यांना माहीत होतं. काही प्रश्न उत्तरासाठी नसतातच.

२

"चौकशी तुम्हीच घ्या," प्राचार्य म्हणाले.

"पाण्याच्या टाकीची मीच घेतली होती," प्रा. राजानंद साळवे म्हणाले. ते इतिहास शिकवत. निवृत्ती दिसू लागली होती आणि तिच्या अलीकडे गुडघे दिसत होते.

"म्हणून तर. अनुभव आहे." प्राचार्यांनी आवाज खाली आणला. "आन् कसंय सर, मॅडम तुमच्यातल्या. उद्या कुणी काही बोलायला नको."

राजानंद इतिहासाचे, सुमेधा ग्रंथालयशास्त्राची. पण प्राचार्यांच्या मनात अभ्यासक्रम नव्हता. राजानंदांनी फाईल काखेत मारली. आयुष्यात अशी वाक्यं त्यांनी इतकी ऐकली होती, की आता राग यायच्या आधी जांभई यायची.

शनिवारी संचालक मंडळाची बैठक होती. सुमेधाला कायम करण्याचा ठराव त्याच बैठकीत यायचा होता. आता त्याच्या जागी तिला काढण्याचा आला होता. एकदा चोरीचा शिक्का बसला की जालना जिल्ह्यातलं कुठलंही ग्रंथालय तिला दारात उभं करणार नव्हतं.

सुमेधा टेबलामागं ताठ बसली होती. समोर नोटीस, तिच्यावर पेपरवेट.

"जय भीम सर. बसा. संशयाला जागा आहे असं लिहिणार ना? लिहा."

"आधी विचारू तर दे."

"मी चोरून काय करणार होते, सर? आमच्या दोन खोल्या. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोलाच भिंत पुरत नाही. येशूला कुठं टांगू?"

"लोक म्हणतील, विकलं."

"कुणाला? इथं सोयाबीनला गिऱ्हाईक मिळेना."

राजानंद हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे खोकला आला. मग त्यांनी विचारलं, "चित्रात काही बदल कधी जाणवला?"

"चित्रात नाही. काचेत." ती त्यांना त्या खोलीत घेऊन गेली. "बाकी सहा काचा जुन्या आहेत. त्यांत तोंड वाकडं दिसतं. चौथीत सरळ दिसतं. मी रुजू झाले तेव्हापासून तसंच आहे. साडी नीट करायची असली की मी चौथ्यासमोरच उभी राहते."

"म्हणजे काच तुझ्या आधी बदलली."

"हे मी म्हणतेय, सर. माझं कोण ऐकणार? रुजू झाले त्या दिवसाचा साधा फोटोसुद्धा नाही. निवृत्त होणाऱ्या कल्याण सरांचा निरोप आणि माझं स्वागत एकाच कार्यक्रमात उरकलं. सरांच्या थरथरत्या हातातून नारळ निसटला, तो माझ्या पायावर. सगळे नारळाकडे बघत होते."

राजानंदांनी सहा काचांत आपलं तोंड वाकडं पाहिलं आणि चौथ्या काचेत सरळ पाहिलं. सरळ जास्त वाईट दिसत होतं.

मग काचेमागं सेवक दिसला. तो राजानंदांकडे असा बघत होता, जणू यांना उशीर झाला आहे.

३

महाविद्यालयात संशय एकमतानं भुजंग सरांवरही होता. सुमेधानं दिलं आणि भुजंगनं काढलं, असा निकाल चहाच्या टपरीवर लागून गेला होता. भुजंग चित्रकलेचे शिक्षक. हुबेहूब नक्कल करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"मी काढलं असतं तर ओळखू आलं नसतं," भुजंग म्हणाले. अपमान चोरीच्या आरोपाचा नव्हता. "चौकोन आखून काढतो मी. एक रेघ इकडची तिकडं होत न्हाई. ते बघा."

भिंतीवर संस्थापकांचं तैलचित्र होतं, भुजंग सरांनी फोटोवरून काढलेलं. संस्थापकांच्या कपाळावर एक पांढरा आडवा पट्टा होता.

"हे काय? गंध?"

"ट्यूबलाईट. फोटोच्या काचेवर पडली होती. फोटोत होती, म्हणून काढली. आपलं मनचं काही घालायचं न्हाई. हे असलं तोंड फिरवणं..." त्यांनी हात झटकला. "ज्याला राहवत न्हाई त्याचं काम आहे ते."

राजानंदांनी ते वाक्य मनात ठेवलं आणि सभागृहाकडे निघाले. तिथं युवक महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम चालू होती. निवृत्त कल्याण सर अजूनही तालमी घेत. मूळचे धावड्याचे. शिकवायचा विषय वाणिज्य. पण त्यांचे विद्यार्थी नफातोटा विसरले, तरी एक गोष्ट विसरले नव्हते.

"तोंड पब्लिककडं!" आतून आवाज आला. "बाप मेलाय तुझा, मंजूर. पण पाठ कुणाला दाखवून राह्यलास? पब्लिकनं काय पाप केलंय?"

रंगमंचामागं जुना रंगवलेला पडदा लोंबत होता. तो कल्याण सरांनीच तरुणपणी रंगवलेला. राजदरबार होता, पण राजा, सरदार, चवरी ढाळणाऱ्या बाया, दाराशी बांधलेला हत्ती, सगळेच्या सगळे समोर प्रेक्षकांत बघत होते. राजाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. खाली लाकडी दांडा, त्याला उरलेला कपडा गुंडाळलेला. पडदा जमिनीपासून हातभर वरच अडकलेला होता, त्यामुळे मागून फिरणाऱ्या पोरांचे पाय दिसत.

"हा पूर्ण खाली येत नाही का, सर?"

"कप्पी गेलीय," कल्याण सर म्हणाले. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. अर्धाच भरलेला, तरी हिंदकळत होता. "चौकशी तुमच्याकडं म्हणे. मला चित्रातलं काय कळतंय? पोरगी चांगलीय ओ ती. सुमेधा. तिला काही होऊ देऊ नका."

"शनिवारी होणारच आहे."

पेला सरांच्या हातातून सुटला. या वेळी नारळ नव्हता, पण आवाज तितकाच झाला. पोरं धावली. राजानंदांचं लक्ष मात्र त्या हत्तीकडे गेलं होतं. हत्तीचं अंग दाराकडे होतं आणि मान मोडून तोंड पब्लिककडं.

४

शिपाई कचरू चहाचं सांडलेलं पुसायला आला. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. मिशी पांढरी झालेली, हनुवटीला मधोमध खोल खळगा. डावा कान वरून अर्धा नव्हता.

गॅदरिंगच्या प्रत्येक नाटकात हवालदार, भालदार, यमदूत या भूमिका कचरूच्या. एका नाटकात पडद्याचा दांडा तुटून खाली आला आणि कान गेला, हे भोकरदनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. नाटकाचं नाव कुणाला आठवत नव्हतं; कान आठवत होता.

"दुखतो का रे अजून?"

"थंडीत ठणकतो जरा. कल्याण सर दरसाली दिवाळीला कानटोपी धाडतेत. चार घातल्या, बाकीच्या पोरांना वाटल्या."

"दांडा डोक्यावर पडला नव्हता का? मग कान कसा कापला?"

कचरू फडकं पिळत थांबला. "डोक्याला टेंगूळ आल्तं. कान कशानं काय म्हाईत. डॉक्टरसाहेबांनी चिमट्यानं काच काढली आतून. टूबलाईट फुटली असंल."

"ट्यूबलाईट फुटली होती?"

"न्हाई बा. उजेड तर चालूच व्हता. त्या उजेडातच पब्लिक हसून राह्यली ना. त्यांला वाटलं नाटकातलंच हाय."

"तू कुठं उभा होतास?"

"उभा न्हाई, बसलेलो. कलेक्टरच्या बंगल्याचा सीन व्हता. साहेब लाथ मारतो, मी गुडघ्यावर. मागं भिंत, भिंतीवर साहेबी थाटाचं काहीबाही टांगलेलं."

"काय टांगलं होतं?"

"म्या कुठं पाह्यलं? तोंड पब्लिककडं ठिवायचं ना."

राजानंदांनी फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, "कचरू, त्या संग्रहालयातल्या काचा तूच पुसतोस ना?"

"रोज."

"चौथं चित्र कधी नीट बघितलंयस?"

"काच पुसतो सर. आतलं पुसायला सांगितलं न्हाई कुणी."

राजानंद पुन्हा त्या खोलीत गेले. सुमेधाकडून त्यांनी भिंग मागून घेतलं आणि सेवकाच्या चेहऱ्यावर धरलं. भरघोस काळी मिशी. हनुवटीला मधोमध खोल खळगा. मग भिंग त्यांनी सुमेधाच्या हातात दिलं.

तिनं बघितलं, दाराबाहेर बादली घेऊन जाणाऱ्या कचरूकडे बघितलं आणि पुन्हा भिंगात बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "पण याला दोन्ही कान आहेत."

५

शीतलबाई शासकीय विश्रामगृहात पुण्याच्या गाडीची वाट बघत होत्या. राजानंदांनी त्यांना फोन केला.

"पाठमोऱ्या सेवकाचा चेहरा मूळ चित्रात असणारच नाही ना?"

"पाठमोऱ्याला चेहरा कुठून असेल?"

"म्हणजे नक्कल करणाऱ्याला तो स्वतःच्या मनातून आणावा लागला."

"हो," बाई म्हणाल्या. "सर, कोणी फिरवलं त्याला? मला फक्त तेवढंच सांगा."

"ज्याला राहवलं नाही त्यानं," राजानंद म्हणाले.

तालीम संपून पोरं गेली होती. सभागृहात कल्याण सर एकटेच पहिल्या रांगेत बसले होते. राजानंद शेजारच्या खुर्चीवर गुडघे सांभाळत बसले. दोघं समोरच्या दरबाराकडे बघत राहिले. दरबार दोघांकडे बघत राहिला.

"कलेक्टरच्या बंगल्याला साहेबी चित्र हवं होतं," राजानंद म्हणाले. "संग्रहालयातलं एक तुम्ही एका प्रयोगापुरतं आणलं. दांडा तुटला, चौकटीवर पडला, काच फुटली. तीच काच कचरूच्या कानात गेली. नुसतं चित्र फाटलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. पण त्याच्यावर रक्त सांडलं."

कल्याण सरांनी पडद्याच्या दांड्याकडे बघितलं.

"मग तुम्ही नक्कल काढली. टाकाचा हात होताच तुमचा. पडदे रंगवायच्या आधी तुम्ही नेपथ्याची चित्रं टाकानंच काढायचात. सगळं बरोबर उतरवलं, कुत्र्याच्या बरगड्यासुद्धा. एकच माणूस पब्लिकला पाठ दाखवून बसला होता. तो तेवढा तुम्हाला बघवला नाही. हे सुमेधा यायच्या आधीचंच. ती आली त्या दिवशी तुमच्या हातात नारळ राहत नव्हता. त्या हातानं असली एक रेघ निघणार नाही."

"भुजंग म्हणाला का?"

"हत्ती म्हणाला."

सर हसले. हसण्यानंही हात थरथरत होते, म्हणून त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले. "तोंड फिरवलं तेव्हा कळलं, तोंड लागणार. कुणाचं काढू? दवाखान्यात त्याच्या उशाला बसून आल्तो. दुसरं कुठलं तोंड आठवंचना. आन् गोष्टीत तो देव कान लावून देतो ना. म्हटलं, कागदावर तरी द्यावा. मला कुठं दुसरीकडं देता येणार होता?"

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"आधी भ्यायलो. मंग वाटलं, कुणीतरी ओळखंल. रोज तो स्वतः काच पुसायचा आन् त्यालाबी ओळखू आलं न्हाई. मंग बाईंचा निबंध आला. डिक्शनरी घेऊन वाचला ओ मी, सर. तीनदा. त्यात माझ्या सेवकाबद्दल दोन पानं होती. आयुष्यभर गॅदरिंगं केली, पेपरात कधी दोन ओळी आल्या न्हाईत. बोलायची एन्ट्री तिथंच हुकली."

"एन्ट्री शनिवारी आहे."

सर उठले. विंगेत जाऊन त्यांनी दोरीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. बोटं ऐकेनात. राजानंदांनी ती सोडली. कप्पी गेलेली नव्हती; नुसती गाठ मारलेली होती. दांडा उलगडत खाली आला, तो हातभर कपडाही उलगडला आणि त्याच्या शेवटच्या वेढ्यातून कागदाची एक गुंडाळी रंगमंचावर पडली.

कागद मधोमध फाटलेला. सेवक पाठमोरा, गुडघ्यावर, कान छाटलेला. त्या कोरलेल्या कानाभोवती एक तपकिरी डाग पसरला होता, आणि तो कोरलेला नव्हता.

६

शनिवारच्या बैठकीला संचालक मंडळ लांब टेबलामागं बसलं होतं. समोर एका बाजूला सुमेधा, दाराशी पाण्याचा जग घेऊन कचरू. राजानंदांनी अहवाल दिला. अहवाल छोटा होता. त्यांच्या अनुभवानं मोठे अहवाल कुणी वाचत नाही आणि छोटेही नाही. मात्र टेबलावर दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवली, तेव्हा अध्यक्षांनी चष्मा लावला.

"कल्याण सरांचं काही म्हणणं?"

कल्याण सर आत आले. स्वच्छ झब्बा, केस बसवलेले. सवयीनं ते बरोबर खोलीच्या मधे, जिथं उजेड सगळ्यांत चांगला होता तिथं उभे राहिले. तोंड टेबलाकडे. सगळ्यांना वाटलं आता भाषण होणार. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

सरांनी टेबलावरच्या दोन्ही चित्रांकडे एकदा बघितलं. मग ते वळले.

चाळीसेक वर्षांत भोकरदननं पहिल्यांदा त्यांची पाठ पाहिली. झब्ब्याला मागं घडीची चूण होती. पाठ थोडी वाकलेली होती. समोरून ते कधी कळलं नव्हतं. संचालक मंडळाला तेवढीच पाठ दिसत होती. त्यांच्यासमोर आता फक्त सुमेधा होती, आणि तिच्या मागं दाराशी कचरू.

सर त्या दोघांशी बोलले. हळू बोलले. आधी तिच्याशी, मग त्याच्याशी. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज टेबलापर्यंतही आला नाही. सुमेधानं नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली. कचरूनं जग खाली ठेवला आणि नकळत हात कानाकडे नेला.

"काय म्हणाले? काय म्हणाले ते?" अध्यक्ष पुढे वाकून विचारू लागले. "सर, जरा इकडे तोंड करून बोला की!"

कल्याण सर वळले नाहीत.

"इतिवृत्तात काय लिहू?" प्राचार्यांनी राजानंदांना कुजबुजत विचारलं.

"मॅडमना कायम करण्याचा ठराव मंजूर, असं लिहा," राजानंद म्हणाले. "बाकीचं आपल्यासाठी नव्हतं."